सेवेची नावे आणि सेवेचा मान

(उपदेशकांच्या व शब्बाथशाळेच्या वडील वर्गाकरिता पाठ. वाचावयाचे उतारे : रोमकरांस १६.१-२, लूक १०.२५-३७, योहान २.१-११.)



ह्या पाठास कारण झालेली गोष्ट प्रथम सांगतो. कारण तीत चूक माझीच आहे, आणि ती झाकून ठेवून इतरांस पाठ शिकविणे बरे नव्हे. आमच्या मंडळीच्या कापणीच्या सणाकरिता दोन वर्षांमागे मी निमंत्रणपत्रिका लिहिली. सरपंचांच्या नावाआधी 'माननीय', मुख्याध्यापकांच्या नावाआधी 'श्रीयुत', आणि तालुक्याहून यावयाच्या डॉक्टरसाहेबांच्या नावानंतर त्यांच्या पदव्यांची सगळी अक्षरे, अशी व्यवस्था मी मोठ्या काळजीने लावली. शेवटल्या ओळीत 'तसेच उपकेंद्राच्या नर्सबाई' एवढेच शब्द होते. पत्रिका छापून आली, वाटली गेली. आमच्या मंडळीतील एका वृद्ध आजीबाईंनी ती नातवाकडून वाचवून घेतली व मला विचारले, “पाळकसाहेब, समद्यांची नावं हायेत, मग ह्या बाईचं नाव काय वो?” मला उत्तर देता आले नाही. माझी दोन्ही लेकरे ह्याच बाईंच्या हाती जन्मली होती. अकरा वर्षे मी त्यांना नमस्कार करीत आलो होतो, आणि त्यांचे नाव मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी उपकेंद्रात जाऊन क्षमा मागितली व नाव विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, “नावाचं काही नाही, पाळकसाहेब. पण रात्री बोलावणं येतं तेव्हा न्यायला चौघे येतात. परत पोचवायला कोणी येत नाही.”

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहे. मान म्हणजे नाव की मान म्हणजे सोबत? नुसते चांगले नाव दिल्याने मान दिल्यासारखा होतो काय? आणि नाव न देता खरा मान देता येतो काय? ह्या प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे. परिचारिकांवरून आरंभ करू. त्यांना लागू पडते ते आशाताईंना, अंगणवाडीच्या बाईंना व झाडूवाल्यांनाही लागू पडेल.

कोणत्याही मोठ्या दवाखान्यात जा आणि तेथे कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो हे कान देऊन ऐका. डॉक्टरांना 'डॉक्टरसाहेब' किंवा 'सर'. परिचारिकेला 'सिस्टर', आणि परिचारिकेचे काम करणारा पुरुष असला तर 'ब्रदर'. रोग्याचे भांडे उचलणारी, त्याला पुसून काढणारी बाई ती 'मावशी'. स्ट्रेचर ढकलणारा तो 'मामा'. पूर्वी सगळ्या परिचारिकांवर जी मुख्य असे ती 'मेट्रन'. हा शब्द लॅटिन भाषेतील असून त्याच्या मुळाशी आई हा अर्थ आहे. 'नर्स' ह्या शब्दाचे मूळही त्याच भाषेत सापडते. पोसणे, अंगावर पाजणे हा त्याचा पहिला अर्थ. म्हणजे नर्स ही मुळात दूधआई. आता 'डॉक्टर' शब्द पाहा. तोही लॅटिनच, पण त्याचा अर्थ शिकविणारा, गुरू. म्हणजे ज्याचे काम डोक्याचे समजले गेले त्याला विद्येचे नाव मिळाले, आणि ज्यांचे काम हाताचे समजले गेले त्यांना आई, बहीण, भाऊ, मावशी, मामा अशी नात्याची नावे मिळाली.

नात्याचे नाव वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. आपल्या मराठी माणसाला परक्या बाईला ताई म्हटल्यावाचून दुसरी वाट पुसता येत नाही, आणि ते आपले भूषणच आहे. तथापि नात्याच्या नावात एक खोच आहे, ती ओळखून असावे. बहिणीला कोणी पगार देतो काय? मावशीच्या कामाचे तास कोणी मोजतो काय? नात्याने हाक मारली की काम हक्काचे होऊन बसते आणि मोबदल्याची गोष्ट काढणाराच स्वार्थी ठरतो. ह्याचे पुढे आणखी सांगावयाचे आहे.

आता ह्या कामाला कमीपणा कोठून आला ते पाहू. आपल्या देशापुरते बोलावयाचे तर उत्तर दूर शोधावे लागत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या-पणज्यांनी ते अंगावर सोसले आहे. बाळंतपण म्हणजे विटाळ. रक्त, वार, मळ ह्यांना जो शिवेल तो बाटेल. म्हणून पुष्कळ गावी सुईणीचे काम मांग, महार इत्यादी समाजांतील स्त्रियांकडे असे. वरच्या आळीतल्या घरात मूल आडवे आले की तिला मध्यरात्री आत घेत. मूल सुखरूप झाले, नाळ कापली, की पुढे तिने उंबऱ्याबाहेर उभे राहावयाचे. जिच्या हातांना जीव सोपविला तिच्या हातचे पाणी चालत नसे. तिला धान्य, जुने लुगडे, क्वचित चार आणे मिळत. नाव मिळत नसे. माझ्या पत्रिकेतील शेवटली ओळ कोठून आली असेल ती मला येथे दिसते. पत्रिका छापखान्यात छापली खरी, पण ती चाल गावच्या जुन्या उंबऱ्याचीच होती.

आणि हे सर्व आपल्या जुन्या वैद्यकाच्या विरुद्धच होते. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौघांचेही प्रत्येकी चार गुण तेथे दिले आहेत. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम व शुचिता असावी असे म्हटले आहे. चार पायांच्या खाटेचा एक पाय आखूड असला तर खाट कशी डळमळते हे सांगावयास नको. परंतु ग्रंथात जो पाय बरोबरीचा होता तो व्यवहारात आखूड झाला, कारण मध्ये जातीचा व विटाळाचा विचार शिरला.

कमीपणा केवळ आपल्याकडेच होता असेही नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इस्पितळातील नर्स म्हणजे दारू पिणारी, अडाणी, दुसरे काम न मिळाल्याने येथे आलेली बाई अशी लोकांची समजूत होती. डिकन्स ह्या कादंबरीकाराने आपल्या एका कादंबरीत अशीच एक नर्स रंगविली, आणि ते पात्र घरोघर ठाऊक झाले. म्हणूनच फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या श्रीमंत घरच्या मुलीने नर्स होण्याचा हट्ट धरिला तेव्हा तिच्या आईबापांस ती घराण्याची नाचक्की वाटली.

ह्या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो जर्मनीतील कायझर्सवेर्थ ह्या लहानशा गावी. तेथील पाळक थिओडोर फ्लीडनर व त्यांची पत्नी फ्रीडरिक ह्यांनी १८३६ साली तरुण स्त्रियांना रोग्यांच्या शुश्रूषेचे रीतसर शिक्षण देण्याची संस्था काढली. अविवाहित मुलगी परक्या पुरुष रोग्याची सेवा करील ही गोष्ट त्या काळी लोकांस कशी सहन व्हावी? फ्लीडनर ह्यांनी तीन युक्त्या केल्या. ह्या स्त्रियांना त्यांनी 'डीकनेस' हे जुन्या मंडळीतील नाव दिले. बोलताना त्यांना 'बहीण' म्हणावे असे ठरविले. आणि त्यांचा पोशाख व डोक्यावरील टोपी त्या काळच्या विवाहित, इभ्रतदार गृहिणीसारखी ठेविली. म्हणजे रस्त्याने एकटी चाललेली मुलगी दिसली तरी कोणी वाकडा शब्द बोलू नये. नाव म्हणजे केवळ शोभा नव्हे, ते कुंपणही होते. १८५१ साली नाइटिंगेलबाई ह्याच गावी काही महिने शिकावयास राहिल्या होत्या. तेथून पुढे १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ३८ स्त्रिया बरोबर घेऊन त्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, आणि १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांची शाळा सुरू झाली. ही पुढची हकीकत शाळेच्या पुस्तकांतून तुमच्या मुलांनी वाचलीच असेल. 'सिस्टर' ही हाक मात्र मठांतील जोगिणींपासून व अशा डीकनेसांपासून आली हे थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडात ती मुख्यत्वे वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेची पदवी झाली. आपल्याकडे ती सरसकट सर्वांची झाली.

आता 'डीकनेस' हा शब्द ज्या उताऱ्यावरून आला तो उघडा. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी पौल फिबी नावाच्या स्त्रीची शिफारस करितो. तिला तो आपली बहीण म्हणतो. परंतु तेवढ्यावर थांबत नाही. किंख्रिया बंदरातील मंडळीत तिचे जे पद होते तेही लिहितो, आणि ती पुष्कळांस व आपल्या स्वतःसही आधार झाली आहे असे सांगून, तिला जे काही लागेल त्यात तिला साह्य करा असे रोमच्या लोकांस विनवितो. नाव, नाते, पद, केलेले काम आणि तिला द्यावयाची मदत, ह्या पाचही गोष्टी दोन वचनांत आहेत. माझ्या पत्रिकेत ह्यांपैकी एकही नव्हती.

तिच्या पदाकरिता मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो 'दियाकोनोस', म्हणजे सेवा करणारा. हाच शब्द त्याच पत्रात आणखी कोठे आला आहे ते पाहण्यासारखे आहे. तेराव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात तो राज्याच्या अधिकाऱ्याला लाविला आहे, आणि पंधराव्याच्या आठव्या वचनात साक्षात ख्रिस्ताला. म्हणजे अधिकारी, प्रभू आणि किंख्रियाची फिबी ह्या तिघांचे एकच नाव. पुढे भाषांतरे करणाऱ्यांनी ह्यात थोडा हात दाखविला. इंग्रजीतील राजा जेम्सच्या प्रसिद्ध भाषांतरात तुखिक व एपफ्रास ह्या पुरुषांसाठी ह्याच शब्दाचे भाषांतर करताना मोठ्या मानाचा, धर्माधिकाऱ्याला लावितात तो शब्द घातला आहे. फिबीच्या ठिकाणी मात्र चाकर ह्या अर्थाचा साधा शब्द. मूळ शब्द एक, परंतु पुरुषाला लागला की पदवी आणि बाईला लागला की चाकरी! आमच्या शाळेतील ग्रीकच्या वर्गात हे प्रथम कळले तेव्हा मला आश्चर्य वाटले होते. आता तितकेसे वाटत नाही.

काना गावच्या लग्नातही, योहान २.५ व ९ ह्या वचनांत, पाणी भरणाऱ्या चाकरांस हाच शब्द आहे. तेथील एक गोष्ट उपदेशकांनी वर्गाच्या नजरेस आणून द्यावी. द्राक्षारस कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते. ज्यांनी पाणी काढले त्यांना ठाऊक होते. दवाखान्यातही बहुधा असेच असते. सकाळी फेरीवर येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना कागदावरचा ताप कळतो; रात्री दोन वाजता रोगी काय बोलला, पाणी कितीदा मागितले, पायावर सूज केव्हा चढली, हे जिने उशाशी रात्र काढली तिलाच कळते. शहाणा डॉक्टर प्रथम तिला विचारतो.

आपल्या देशात परिचारिकांच्या शिक्षणाचा आरंभ मद्रासच्या सरकारी इस्पितळात १८७१ साली झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली बाई काशीबाई गणपत ह्या शिकावयास आल्या. रीतसर परिचारिकेचे शिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव नोंदलेले आहे. नुसते नाव व बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, एवढेच आपल्या हाती आहे. मिरजेचे मिशन इस्पितळ १८९४ साली डॉक्टर वानलेस ह्यांनी उघडिले, आणि अशा इस्पितळांतून पुष्कळ वर्षे ख्रिस्ती घरांतल्या मुलीच अधिक संख्येने हे काम शिकावयास येत. कारण इतर समाजांतील आईबाप विटाळाच्या व लोकलाजेच्या भयाने मुली धाडीत नसत. ती लाज मोडण्याचे मोठे श्रेय रमाबाई रानडे ह्यांना आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापून त्यांनी चांगल्या ब्राह्मण घरच्या विधवांनाही ससून इस्पितळात परिचारिकेचे व सुईणीचे काम शिकावयास पाठविले. लोकांनी नावे ठेविली, त्यांनी ती मनावर घेतली नाहीत. त्यांच्याही आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले प्लेगाने आजारी झालेल्या मुलाला पाठीवर घालून दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि तोच रोग जडून १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्यांना कोणी सिस्टर म्हटले नव्हते, आणि त्यांच्यापाशी दाखलाही नव्हता.

दाखल्याची गोष्ट निघाली म्हणून नोंदणीचे सांगतो. हा विषय रुक्ष आहे, पण गावच्या माणसाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. नाइटिंगेलबाई थोर खऱ्या, परंतु एका बाबतीत काळाने त्यांच्या विरुद्ध कौल दिला. परिचारिकांची सरकारी नोंदवही असावी असे एथेल बेडफोर्ड फेनविक ह्या दुसऱ्या एका परिचारिकेचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्या १८८७ पासून झगडल्या. नाइटिंगेलबाईंचा विरोध होता. नोंदवहीत नाव घातल्याने माया व सचोटी येत नाही असे त्यांचे मत. ते खोटे नव्हे. पण नाव नोंदविलेले नसले तर कोण शिकलेली आणि कोण न शिकलेली हे रोग्याने ओळखावे कसे? न्यूझीलंडने १९०१ साली असा कायदा केला, इंग्लंडात तो १९१९ साली झाला, आणि आपल्या मुंबई इलाख्यात १९३५ साली. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. त्याची जागा घेण्याकरिता २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संसदेने केला.

ह्याचा अर्थ आपल्या गावी असा. खासगी दवाखान्यात दोन वर्षे सुई टोचावयास शिकलेली मुलगी पांढरा झगा घालून उभी राहिली की आपण तिला सिस्टर म्हणतो. ती बिचारी कष्टाळू असेल, पण तिचे शिक्षण झालेले नाही. ए.एन.एम. व्हावयास दोन वर्षे, जी.एन.एम. व्हावयास तीन वर्षे आणि बी.एस्सी. व्हावयास चार वर्षे शिकावे लागते, परीक्षा उतरावी लागते, आणि मग परिषदेच्या वहीत नाव चढते. तेव्हा जी खरोखर शिकली तिला तिच्या पदाने ओळखणे ही तिच्यावर केलेली मेहेरबानी नाही. त्यात आपल्याच बाळंतिणीचे रक्षण आहे.

येथे कोणी म्हणेल, 'पदव्यांचा हा हव्यास कशाला? प्रभूने तर मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात गुरू म्हणवून घेऊ नका असे सांगितले आहे.' आक्षेप योग्य आहे. परंतु नीट वाचा. तेथे स्वतःला मोठे म्हणवून घेण्याचा निषेध आहे, दुसऱ्याला मान देण्याचा नव्हे. मी स्वतः 'रेव्हरंड' म्हणवून घ्यावे आणि नर्सबाईला मात्र नम्रतेचा उपदेश करावा, हे त्या अध्यायातील परूश्यांसारखेच झाले. आपल्या मंडळ्यांतूनही हे होत आले आहे. पुरुष तो 'उपदेशक', आणि तेच काम पायी खेडोपाडी हिंडून करणारी ती 'बायबलबाई'. वार्षिक अहवालांत पुरुषांची नावे असत, बाईंची पुष्कळदा नुसती संख्या असे.

हल्ली पदांची नावे बदलण्याची एक लाटच आली आहे. केंद्र सरकारच्या इस्पितळांत 'स्टाफ नर्स' जाऊन 'नर्सिंग ऑफिसर' झाले. आपल्या राज्यात २०२४ साली तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी' झाले आणि ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी'. 'सेवक' शब्द टाकून 'अधिकारी' शब्द घ्यावा असे सर्वांसच वाटते. ह्यावर हसणे सोपे आहे. आमच्या गावी एका पोक्त गृहस्थाने विचारलेच, “आता सगळेच अधिकारी, तर काम कोण करणार?” परंतु ज्याला आयुष्यभर 'ए सिस्टर, इकडे ये' असे ऐकावे लागले त्याला अधिकारी व्हावेसे वाटले तर दोष त्याचा की हाक मारणाऱ्याचा? इंग्लंडात शस्त्रक्रिया करणारे वैद्य एके काळी न्हाव्यांच्या जातीत गणले जात आणि त्यांना 'डॉक्टर' म्हणत नसत, 'मिस्टर' म्हणत. आज ते मोठ्या मानाचे झाले आहेत, तरी अजून अभिमानाने 'मिस्टर'च म्हणवून घेतात. लोकांच्या मनात कामाचा मान वाढला की साधे नावही चढते. मान वाढला नाही तर 'अधिकारी' शब्दही दहा वर्षांत झिजेल.

आणि काही नावे तर देताना मानाची वाटतात, पण त्यांच्या पोटात तोटा असतो. २००५ साली सरकारने ग्रामीण आरोग्य अभियानाखाली गावोगाव आशा नेमल्या. आपल्या राज्यात त्यांचे नाव 'आशा स्वयंसेविका'. नाव किती गोड! पण स्वयंसेविका म्हटले म्हणजे नोकरी नव्हे; नोकरी नव्हे म्हणजे वेतन नव्हे, मोबदला; रजा नव्हे, निवृत्तिवेतन नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील सुमारे दहा लाख आशांचा एकत्र गौरव केला. त्याच्या आधी व नंतरही ह्याच बाया मोबदला वाढावा म्हणून उन्हात मोर्चे काढीत होत्या. १९७५ पासून चाललेल्या अंगणवाडीतही तसेच. तेथील बाई 'सेविका' व तिची जोडीदारीण 'मदतनीस'. त्यांना मिळते ते 'मानधन'. मानधन शब्दात मान आधी व धन मागाहून, आणि धन तर फारच थोडे! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या बाया सरकारी पदावर नाहीत असे ठरविले होते. परंतु २०२२ च्या एप्रिलात त्याच न्यायालयाने गुजरातेतील एका प्रकरणात सांगितले की १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळण्याचा त्यांना हक्क आहे. मानधन असे नाव दिले तरी ते केलेल्या कामाचे वेतनच होय. एका शब्दाचा अर्थ काय ह्यावर कित्येक बायांच्या म्हातारपणीची भाकर अवलंबून होती.

सेवा करणाऱ्याने पैशाची गोष्ट काढू नये असे मानणाऱ्यांनी चांगल्या शोमरोन्याचा दाखला पुन्हा वाचावा. आपण सर्व त्या शोमरोन्याकडे पाहतो. उतारशाळेच्या रक्षकाकडे कोणी पाहत नाही. वाटेवर जखमा बांधल्या शोमरोन्याने, हे खरे. त्या रात्रीही तोच रोग्याजवळ होता. पण दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने गेला. मागे जखमा धुणे, कूस पालटणे, पेज पाजणे कोणी केले? त्या रक्षकाने. आणि शोमरोन्याने त्याला काय दिले? 'तू पुण्य कर' असा उपदेश दिला नाही. दोन दिनार काढून हातावर ठेविले, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर अधिक खर्च झाला तर परत येताना भरीन असे वचनही दिले. हा अध्याय लूकचा दहावा. त्याच अध्यायाच्या सातव्या वचनात कामकऱ्याला त्याची मजुरी मिळणे योग्य आहे असे प्रभू सांगतो. प्रेम व पगार ह्यांचे वैर आहे असे त्या दाखल्यात कोठेच दिसत नाही.

जामखेडचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. डॉक्टर रजनीकांत व डॉक्टर मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली तेथे काम आरंभिले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहावयास तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावांनाच आपल्यातील एक स्त्री निवडावयास सांगितले आणि तिला शिकविले. निवडलेल्यांत पुष्कळ दलित होत्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. ज्या घरांत त्यांना पूर्वी उंबरा ओलांडता येत नसे त्या घरांत त्या लेकराचे वजन करावयास, गरोदर सुनेला तपासावयास जाऊ लागल्या. तो उंबरा पदवीने ओलांडला की ज्ञानाने, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. माझ्या मते ज्ञानाने. पण गावाने चारचौघांत तिला निवडले होते, ही गोष्टही लहान नव्हती.

सार्वजनिक मान कसा पातळ असतो हे आपण २०२० साली पाहिले. २२ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजता साऱ्या देशाने दारात उभे राहून टाळ्या पिटल्या, थाळ्या वाजविल्या. मीही वाजविली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत कोरोनाच्या भयाने परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगितल्याच्या, त्यांच्यावर दगड फेकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. इतक्या की आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा देणारा वटहुकूम सरकारला एप्रिलातच काढावा लागला. ज्या हातांनी थाळी वाजविली त्यांनीच दार लावून घेतले. जुना विटाळ नव्या नावाने परत आला, असे मला तेव्हा वाटले. ते वर्ष नाइटिंगेलबाईंच्या जन्माचे दोनशेवे म्हणून जगभर परिचारिकांचे वर्ष ठरविले गेले होते.

ह्याच्या उलट बाजूची एक हकीकत सांगतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग नावाची तरुण परिचारिका काम करीत असे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिच्यावर एका माणसाने अत्याचार केला. मेंदूला इजा होऊन ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. तेथल्या परिचारिकांनी तिला आपल्याच वॉर्डात ठेविले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली; जिने अरुणेला कधी उभी पाहिली नव्हती अशा मुलींनीही तिला भरविले, न्हाऊ घातले, कूस पालटली. १८ मे २०१५ रोजी ती वारली, तोवर एकेचाळीस वर्षांवर काळ लोटला होता. मध्यंतरी तिला मरू द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलणाऱ्याला कायद्यात 'नेक्स्ट फ्रेंड' म्हणजे निकटचा मित्र म्हणतात. तो कोण, असा प्रश्न निघाला. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की अर्ज करणारी व्यक्ती नव्हे, तर इतकी वर्षे तिची काळजी वाहणारे रुग्णालयातील लोक हेच तिचे निकटचे मित्र. परिचारिकांना मिळालेल्या सर्व पदव्यांत ही मला थोर वाटते. ती कोणी मागितली नव्हती. शोमरोन्याच्या दाखल्याच्या शेवटी प्रभूने शास्त्र्याला जो प्रश्न विचारला तो लूक १०.३६ मध्ये वाचा आणि हा निकाल त्याच्याजवळ ठेवून पाहा.

उपदेशकांस आता कामाचे सांगतो. पुढील रविवारच्या आत आपापल्या गावच्या ए.एन.एम. बाई, आशाताई, अंगणवाडी सेविका व मदतनीस, तसेच गटारे काढणारा इसम, ह्यांची पूर्ण नावे त्यांनाच विचारून वहीत लिहावी. दुसऱ्याला विचारून लिहू नये. सभेत नाव घ्यावयाचे ते सर्वांचे सारख्या रीतीने घ्यावे. 'श्रीमती' घालावयाचे तर सर्वांस, नाही तर कोणासच नाही. खुर्च्या मांडताना ह्या मंडळींची खुर्ची मागच्या रांगेत भिंतीशी न लावता पाहुण्यांच्या ओळीत लावावी. ज्या घरी बाळंतपण आहे त्या घरच्या पुरुषांना आधीच सांगून ठेवावे की बाईंना आणावयास जो जाईल त्यानेच त्यांना परत पोचवावे, मग पहाटेचे तीन का वाजलेले असेनात. आमच्या मंडळीत ह्याकरिता सहा तरुणांनी आठवड्याचे वार वाटून घेतले आहेत. रविवारची पाळी मी घेतली आहे. वहीत नावे लिहून झाल्यावर वर्गाने हा प्रश्न चर्चेस घ्यावा : ह्यांपैकी कोणाचे नाव आपल्याला पूर्वीपासून ठाऊक होते, आणि कोणाचे नव्हते, आणि का.